‘नाहीतर नर्सिंग आहेच’

बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाबद्दल मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं जे सांगत आले, त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. काही ऐकीव होतं, काही जुनं झालेलं होतं, आणि काही तर एकही नियम न वाचता छातीठोकपणे सांगितलेलं होतं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली. आता निवृत्त झाले आहे. आज जे शिक्षक माझ्या जागी उभे आहेत त्यांनी आणि दहावी-बारावीच्या पालकांनी वाचावं, एवढ्यासाठी हे लिहायला बसले.

नीटच्या शिकवण्यांसाठी ओळखलं जाणारं लातूर आमच्यापासून जवळ. त्यामुळे बारावी सायन्स म्हणजे नीट, हे समीकरण पोरांच्या आधी आईबापांच्या डोक्यात पक्कं झालेलं असतं. माझ्याही डोक्यात तेच होतं. वर्गात मी म्हणायचे, "मन लावून अभ्यास करा, एमबीबीएसला लागा. अगदीच नाही जमलं तर बीएएमएस, बीएचएमएस बघू. नाहीतर नर्सिंग आहेच." हे शेवटचं वाक्य मी फार सहज म्हणून जात असे. पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ त्यातच आहे. जे ‘आहेच’ असं आपण धरून चालतो, त्याची चौकशी कोण करतं? नीटचा अभ्यासक्रम, कटऑफ, सरकारी-खासगी जागा, सगळं मला तोंडपाठ होतं. नर्सिंगची माहितीपुस्तिका मी कित्येक वर्षं उघडलीसुद्धा नव्हती.

सगळ्यात जास्त सलणारी चूक अकरावीच्या प्रवेशाच्या वेळची आहे. दहावीला चांगले गुण मिळवलेली एक मुलगी आईबरोबर विषय निवडायला आली होती. आई गावात आशा कार्यकर्ती. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जायची, तेव्हा ही पोरही कधीकधी बरोबर असायची. तिथल्या सिस्टरांना काम करताना तिनं जवळून पाहिलं होतं. "मॅडम, मला सिस्टर व्हायचंय," असं तिनं मला स्वच्छ सांगितलं. मी म्हटलं, "मग नीटचं ओझं कशाला डोक्यावर घेतेस? गणित ठेव आणि बायोलॉजीऐवजी क्रॉप सायन्स घे. टक्के चांगले पडतील. नर्सिंगला काय, कुठल्याही शाखेची बारावी चालते."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे द्विलक्षी विषय २०० गुणांचा असतो. तो घेतला की द्वितीय भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडता येतो. पीकशास्त्र, म्हणजे मुलांच्या तोंडचं क्रॉप सायन्स, त्यातलंच. प्रात्यक्षिकांचे गुण हातात असतात, म्हणून ग्रामीण भागात त्याला मागणी फार. आमच्या महाविद्यालयाला त्या विषयाची तुकडी भरायचीही होती. तुकडीचा विचार माझ्या सल्ल्यात अजिबात नव्हता, असं मी आज छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

‘कुठल्याही शाखेची बारावी चालते’ हे काही मी हवेतून काढलं नव्हतं. जीएनएमला, म्हणजे तीन वर्षांच्या पदविकेला, ते लागू आहे. तिथं इंग्रजीसह बारावी आणि ४० टक्के गुण असले की शाखेचा प्रश्न येत नाही. चार वर्षांच्या पदवीला मात्र तसं नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हावं लागतं, आणि पीसीबी मिळून किमान ४५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गासाठी ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. एका पानावर मावेल एवढाच नियम आहे. मी पदवी आणि पदविकेची सरमिसळ केली, कारण माझ्या लेखी दोन्ही ‘नर्सिंगच’ होतं.

बारावीच्या निकालानंतर एका दुपारी तिचा महा ई-सेवा केंद्रातून फोन आला. मागे प्रिंटरचा आवाज, रांगेतल्या लोकांची घाई. "मॅडम, फॉर्ममध्ये बायोलॉजीचे मार्क मागतायत. तिथं काय भरू?" थांब, मी येते, असं म्हणून निघाले खरी, पण तिथं जाऊन तिला काय सांगायचं, हे वाटेत काही सुचेना. केंद्रातल्या मुलानं पडदा माझ्याकडे वळवला. रसायनशास्त्राखाली जीवशास्त्राची चौकट रिकामी होती, आणि ती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. आई बाकावर बसलेली, कुठल्याशा सर्वेक्षणावरून थेट आलेली, मांडीवर नोंदवही. आवाज न चढवता तिनं विचारलं, "मॅडम, तो विषय तुम्ही सांगितला म्हणूनच घेतला होता ना?" मी हो म्हटलं. त्यापुढे ती काही बोलली नाही.

ती मुलगी जीएनएम झाली आणि आज नोकरी करते. पदविका कमी प्रतीची आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. राज्यातली कितीतरी रुग्णालयं जीएनएम झालेल्या परिचारिकांच्या जिवावर चालतात. पण माझ्या एका वाक्यानं तिचा रस्ता लांबला. पदवी चार वर्षांत हाती आली असती. आता तीन वर्षं पदविकेची, आणि पदवी हवीच असेल तर पुढे दोन वर्षं पोस्ट बेसिकची. एम्सच्या भरतीसाठी नॉरसेट ही परीक्षा असते. तिथं पदवीधराकडून अनुभव मागितला जात नाही, पण पदविकाधारकाला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. एम.एस्सी. करून शिकवण्याकडे वळायचं तर आधी पदवी लागतेच. तिला सिस्टरच व्हायचं होतं, ती झाली, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकले असते. पण ती किती पुढे जाऊ शकते, याचा विचार तिनं करायच्या आत मीच करून टाकला होता.

नर्सिंगची पदवी म्हणजे नेमकं काय शिकणं, हे मला कळलं तेही फार उशिरा. नव्या सत्रपद्धतीच्या तुकडीतली एक विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आली होती. २०२१-२२ पासून देशभर बी.एस्सी. नर्सिंग आठ सत्रांचं झालं आहे. शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, जीवरसायन, पोषण, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र हे विषय पहिल्या दीड-दोन वर्षांतच येतात. तिच्या पिशवीत एक वही होती. मी सहज चाळायला घेतली. एका पानावर सलाइनच्या थेंबांचं गणित होतं: ५०० मिलिलिटर ८ तासांत द्यायचं, सेटमधून १ मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? उत्तर काढलं होतं २१. शेजारी लाल शाईनं लिहिलेलं, ‘वयस्कर किंवा हृदयरुग्ण असेल तर वेग विचारून घेणे’. मी विचारलं, हे लाल शाईत का? ती म्हणाली, "सलाइन भराभर गेलं तर अशा माणसाच्या फुप्फुसात पाणी साठतं, मॅडम. मेडिसिनच्या वॉर्डात एकांना दम लागलेला पाहिलाय मी. तेव्हापासून मी घड्याळ लावून थेंब मोजते."

पुढच्या पानावर ०.९ टक्के सलाइनच का, याचं उत्तर होतं. पाणी जास्त झालं तर तांबड्या पेशी फुगून फुटतात, मीठ जास्त झालं तर आक्रसतात. परासरण मी आयुष्यभर शिकवलं. पाण्यात भिजवलेल्या मनुकांचं उदाहरण द्यायचं, आकृती काढायची, बोर्डात दोन गुणांना येतं म्हणून सांगायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. तोच धडा ही मुलगी माणसाच्या शिरेत सोडत होती. प्रत्येक प्रात्यक्षिक विभागातली हजेरी १०० टक्के पुरी केल्याशिवाय पदवी मिळत नाही, हेही तिनंच सांगितलं. विज्ञानाच्या इतक्या जवळ जाणारा अभ्यासक्रम मी ‘नाहीतर’ या शब्दामागे ढकलत आले होते. हुशार मुलीनं नर्सिंगचं नाव काढलं की मी तिला थोपवायचे. एका मुलीला तर मी नीट पुन्हा पुन्हा द्यायला लावली. घरच्यांनी क्लासच्या फीसाठी कर्ज काढलं, आणि अखेर ती बी.एस्सी. नर्सिंगलाच गेली, पण हरल्याची भावना घेऊन. ती भावना तिच्यात माझ्या बोलण्यातून आली होती.

मुलग्यांच्या बाबतीत माझी समज याहून तोकडी होती. एकानं विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "अरे, ते मुलींचं क्षेत्र." वास्तविक बी.एस्सी. नर्सिंगला मुलांनाही प्रवेश आहे. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरच्या जागा महिला आणि पुरुषांसाठी ८० ला २० अशा ठेवल्या जातात. जागा कमी असल्या तरी आहेत. पुरुषांच्या वॉर्डात, अपघात विभागात, मनोरुग्णालयात ब्रदरची गरज किती असते, हे कुठल्याही सरकारी रुग्णालयात तासभर बसलं तरी दिसतं. त्या मुलानं माझं ऐकून साधी बी.एस्सी. केली. आज तो औषधाच्या दुकानात मदतनीस आहे. भेटला की आदरानं नमस्कार करतो, आणि मला त्याच्याकडे सरळ बघवत नाही.

मग सीईटी आली. पूर्वी राज्यात नर्सिंगच्या प्रवेशाला नीटचे गुण लागत, ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. राज्य सीईटी कक्षानं नर्सिंगची स्वतंत्र परीक्षा सुरू केली, तरी मी एका तुकडीला बिनधास्त सांगितलं, "नीट देताय ना? मग वेगळं काही भरायची गरज नाही." नीटचा निकाल लागला, आणि नर्सिंगकडे वळू पाहणाऱ्या मुलींच्या लक्षात आलं की त्या परीक्षेचा अर्ज भरायची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. परीक्षा १०० गुणांची असते: भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारा भाग, प्रत्येकी २० गुण. म्हणजे नीटची तयारी केलेल्या मुलीला त्यातला मोठा भाग येत असतोच. कमी पडतो तो इंग्रजीचा आणि कलचाचणीचा सराव. इंग्रजीला तर मी ‘नुसतं काढायचा विषय’ म्हणत आले होते. बारावीला त्यात नापास झालं की बाकीचे गुण कितीही असोत, घोडं तिथंच अडतं. शिवाय पदवीची सगळी पुस्तकं इंग्रजीत असतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुली पहिल्या सत्रात रडकुंडीला येतात त्या बहुधा त्यामुळेच.

वाईट याचं वाटतं की जिथं नीटचे गुण खरोखर उपयोगी पडतात ती वाट मला माहीतच नव्हती. सैन्यदलाच्या परिचर्या महाविद्यालयांत बी.एस्सी. नर्सिंगच्या २२० जागा आहेत. त्यांतल्या पुण्याच्या एएफएमसीत ४० आणि मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात ४०. निवड नीटच्या गुणांतून सुरू होते, पण अर्ज सैन्याकडे वेगळा करावा लागतो. अविवाहित मुलींसाठीच हा प्रवेश आहे, आणि बारावी पहिल्याच प्रयत्नात किमान ५० टक्क्यांनी उत्तीर्ण हवी. शिक्षण झालं की मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी म्हणून नेमणूक मिळते. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतली मुलं सैन्यात आहेत. त्या घरांतल्या मुलींना मी ही वाट एकदाही दाखवली नाही.

आता एजंटबद्दल. परराज्यातल्या एका महाविद्यालयाचा माणूस रंगीत पत्रकं घेऊन आला आणि वर्गात पाच मिनिटं बोलू द्या म्हणाला. मी दिली. शिक्षिकेच्या समोर उभा राहून बोलणारा माणूस विद्यार्थ्यांना विश्वासाचा वाटतो, एवढं साधं माझ्या ध्यानात यायला हवं होतं. त्याच्याबरोबर गेलेल्या मुलींपैकी एकीनं पहिल्या वर्षातच सोडायचं ठरवलं, तर महाविद्यालयानं तिची मूळ कागदपत्रं अडवून धरली. मूळ कागदपत्रं ठेवून घेऊ नयेत, असं यूजीसीनं २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. पण ते तिच्या वडिलांना कोण सांगणार होतं? ते वाचायचं काम माझं होतं. नर्सिंग महाविद्यालय पाहायला गेलं की पहिला प्रश्न वसतिगृहाचा नसतो, रुग्णालयाचा असतो. पदवी अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं, असा नियम आहे. खाटा नुसत्या मांडलेल्या आहेत की त्यांवर रुग्ण आहेत, बाह्यरुग्ण विभागात सकाळी गर्दी असते का, मुलींना कुठल्या वॉर्डात पाठवतात, हे विचारायचं असतं. ज्या मुलीनं खरं बाळंतपण पाहिलेलं नाही, तिच्या वहीतल्या सह्यांना काय अर्थ? महाविद्यालयाला परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता प्रवेशाच्या वर्षासाठी आहे का, हेही बघावं लागतं. आपल्या राज्यातली महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. बाहेरून शिकून येणाऱ्यांना ती नोंदणी इकडे करून घेण्याचा वेळ आणि खर्च वेगळा.

पैशाबाबतची चूक अगदी अलीकडची आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली. अट एकच, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपच्या फेऱ्यांतून झालेला हवा. एका शिंपीकाम करणाऱ्या बाईंची मुलगी पहिल्या फेरीत लागली नाही, तशी मी घाईला आले. "फेऱ्यांची वाट बघत बसू नका, संस्था थेट देतेय तर सीट पक्की करून टाका," असं त्यांना सांगितलं. संस्था स्तरावरच्या जागेला ती सवलत नाही, हे मी वाचलं नव्हतं. पुढच्या फेरीत तिच्याहून कमी गुणांच्या मुलीला त्याच महाविद्यालयात जागा मिळाली आणि तिचं शिक्षण शुल्क माफ झालं. या बाई अजून रात्री उशिरापर्यंत मशीनवर बसून लेकीचे हप्ते भरतात. घाई माझी होती, हप्ते त्यांच्या वाट्याला आले.

जातपडताळणीचं तर बोलायलाच नको. प्रस्ताव अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयातून जायला हवा. आमच्या कार्यालयात कागद पडून राहायचे, आणि ‘ते कारकुनांचं काम’ म्हणून मी तिकडे कानाडोळा केला. एका मुलीचं वैधता प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही आणि ती खुल्या गटात मोजली गेली.

दहावीचा निकाल लागला की पालक आमच्यासारख्यांकडे येतात आणि आमचा शब्द खरा मानतात. म्हणून शिक्षकांना माझं सांगणं आहे, दर वर्षी नवी माहितीपुस्तिका स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर कुणाला सल्ला देऊ नका, आणि एजंटला वर्गात पाय ठेवू देऊ नका. पालकांनो, मुलगी किंवा मुलगा नर्सिंग म्हणत असेल तर अकरावीत जीवशास्त्र सोडू देऊ नका, आणि आमच्या शब्दावरही विसंबू नका, नियम छापील दाखवा असं म्हणा. पडताळणीचा प्रस्ताव अकरावीतच द्या. सीईटीचा अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या आधीच भरायचा असतो, आणि त्याची मुदत संपली की त्या वर्षी दुसरा अर्ज नाही.